चौकटी कंसातले 'असल्यास'

खापर हे नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा तालुक्यातले, गुजरातच्या हद्दीलगतचे गाव. या पट्ट्यात वनहक्काचा दावा हा कुणालाच अनोळखी विषय नाही. 2006 चा वनहक्क कायदा, त्याचे 2008 चे नियम आणि त्यांना जोडलेला वैयक्तिक दाव्याचा 'नमुना अ'. या नमुन्यावर नजर फिरवली तर एक शब्द पुन्हा पुन्हा भेटतो. स्वतः कसत असलेली जमीन, असल्यास. वादग्रस्त जमिनी, असल्यास. पट्टे किंवा भाडेपट्टे, असल्यास. दावेदाराचे नाव आणि गाव यांच्यापुढे हा शब्द नाही, कारण त्यांच्यावाचून अर्जच उभा राहत नाही.

'असल्यास'पुढची जागा कोरी राहिली, तर तिचा अर्थ काय? तशी जमीन नाही? आहे, पण कागद नाही? की लिहिणाऱ्याला रकानाच कळला नाही? शब्द एवढेच सांगतो की इथे काही लिहिले नाही तरी चालेल. लिहिले नाही तर पुढे काय होईल, याबद्दल तो गप्प आहे. त्याच नियमांतला 13 वा नियम पुराव्यांची लांबलचक यादी देतो. यादीतला कुठलाही एकच पुरावा अमुकच हवा असे नाही; पण विचार करताना एकाहून अधिक पुरावे बघायचे आहेत. म्हणजे प्रत्येक पुरावा सुटा पाहिला तर ऐच्छिक, सगळे मिळून पाहिले तर ऐच्छिक नाहीत. हे 'असल्यास' या एका शब्दात मावणारे नाही.

प्रोग्रॅमर मंडळी हा 'असल्यास' चौकटी कंसाने लिहितात. फंक्शनला द्यायची आर्ग्युमेंट काही सक्तीची असतात, काही ऐच्छिक. भाषेच्या दस्तऐवजात सक्तीची उघडी छापतात, ऐच्छिक कंसात. पायथनमध्ये मजकुरात काही शोधायचे तर फाइंड(सब[, स्टार्ट[, एंड]]) असे लिहिलेले सापडते. (फंक्शनांची नावे इथे देवनागरीत घेतो आहे, कंस आणि स्वल्पविराम मात्र जागच्या जागी ठेवले आहेत.) काय शोधायचे ते सांगावेच लागते. कुठून शोधायला लागायचे आणि कुठे थांबायचे, हे सांगितले नाही तरी चालते. कंसात कंस आहे तोही उगाच नाही: शेवट सांगायचा तर सुरुवात सांगावीच लागेल. स्वल्पविरामसुद्धा कंसाच्या आत आहे, कारण आर्ग्युमेंट गळले की तोही गळतो. इतक्या थोड्या जागेत इतके बोलणारी खूण फारशी नसेल.

आता हीच खूण कुठे मुकी होते ते बघा. पायथनच्या डिक्शनरीतून एखादी नोंद वाचायला गेट आहे आणि नोंद काढून घ्यायला पॉप. दोघांनाही दुसरे आर्ग्युमेंट ऐच्छिक, आणि जुन्या दस्तऐवजांत दोन्ही एकाच घाटात छापलेले: गेट(की[, डिफॉल्ट]), पॉप(की[, डिफॉल्ट]). गेटला दुसरे आर्ग्युमेंट दिले नाही आणि नोंद सापडली नाही, तर ते निमूटपणे 'नन' परत करते. पॉपला दिले नाही, तर चूक उभी राहून प्रोग्रॅम तिथेच थांबतो. एकीकडे न देणे म्हणजे ठरलेली किंमत देणे. दुसरीकडे न देणे हीच एक वेगळी आज्ञा. कंस मात्र दोन्हीकडे सारखाच.

हा कंस आला कुठून?

ज्यांनी युनिक्सवर काम केले आहे ते मॅन पेजकडे बोट दाखवतील, आणि ते पुष्कळसे बरोबर आहे. युनिक्सच्या पहिल्या मॅन्युअलवर 3 नोव्हेंबर 1971 ही तारीख आहे, नावे केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांची. त्यात प्रत्येक आज्ञेच्या माथ्यावर सिनॉप्सिस, आणि जे टाळता येते ते चौकटी कंसात. पुनरावृत्तीसाठी तीन टिंबे. पुढे पॉझिक्स प्रमाणाने हीच रीत नियम म्हणून लिहून काढली, आणि आज टर्मिनलवर कुठल्याही आज्ञेची मदत मागितली तर तेच कंस समोर येतात. पण ही रीत युनिक्स घडवणाऱ्या बेल लॅब्जने शोधली नाही. तिचा पत्ता अकरा-बारा वर्षे मागे, कोबोलच्या घरी लागतो.

कोबोलची बांधणी 1959 मध्ये सुरू झाली आणि पहिला अहवाल 1960 मध्ये आला. ही धंद्याची भाषा. समितीतली माणसे सरकारी खात्यांतली आणि यंत्रे विकणाऱ्या कंपन्यांतली. प्रत्येक कंपनीच्या यंत्रावर एकच भाषा चालायची, तर वाक्य कसे लिहायचे हे वादाला जागा न ठेवता सांगणे भाग होते. त्यांनी खुणांचा एक संच ठरवला. चौकटी कंसातले ऐच्छिक. महिरपी कंसातल्यांपैकी एक निवडायचे. तीन टिंबे म्हणजे पुन्हा पुन्हा. मोठ्या अक्षरांतले शब्द भाषेचे राखीव, लहान अक्षरांतले तुम्ही भरायचे.

इथवरचे आजही ओळखीचे आहे. पुढचे मात्र आपण हरवून बसलो. कोबोलच्या राखीव शब्दांत काही अधोरेखित छापलेले असत, काही नुसते. अधोरेखित म्हणजे लिहायलाच हवेत. नुसते म्हणजे वाक्य इंग्रजीसारखे गोड वाचता यावे म्हणून. लिहा किंवा गाळा, यंत्राला फरक पडत नाही. 'इफ ए इज ग्रेटर दॅन बी' यातले 'इज' आणि 'दॅन' या जातीचे. म्हणजे कोबोलमध्ये ऐच्छिकाच्या दोन जाती होत्या आणि त्यांना दोन वेगळ्या खुणा होत्या. कंसातला भाग गाळला की अर्थ बदलतो: बेरजेपुढचा 'राउंडेड' गाळलात तर अपूर्णांक जवळच्या आकड्यापर्यंत न नेता छाटला जातो. अधोरेखा नसलेला शब्द गाळला तर काहीच बदलत नाही. पहिला निर्णय आहे, दुसरा अलंकार. 1990 च्या दशकाच्या अखेरीस मुंबईतल्या सीप्झमध्ये आणि पुण्यात दोन आकडी सालांचे चार आकडी करत बसलेल्या कोबोलवाल्यांनी हे दोन्ही प्रकार भरपूर पाहिले असतील.

अधोरेखेला आणखी एक काम आयबीएमने दिले. त्यांच्या सिस्टीम 360 च्या काळातल्या पुस्तिकांत पर्यायांची यादी देताना एक पर्याय अधोरेखित असे: तुम्ही काहीच सांगितले नाही तर हा धरला जाईल. ऐच्छिक काय, हे कंस सांगे. गप्प राहिलात तर काय, हे रेघ सांगे. पुढे आयबीएमने आगगाडीच्या रुळांसारख्या आकृत्या घेतल्या, तेव्हाही हा भेद जपला. मुख्य रुळाखालून जाणारी वाट ऐच्छिक, रुळाच्या वर लिहिलेला शब्द आपोआप धरला जाणारा. मला या आकृत्या कंसांहून सरस वाटतात. त्या टंकलेखन यंत्रावर सहज काढता येत नाहीत, हा दोष त्यांना नडला असावा.

युनिक्सच्या मॅन्युअलमध्ये अधोरेखेला वेगळीच नोकरी लागली: जसेच्या तसे टंकायचे शब्द दाखवणे. त्यामुळे पसरला तो फक्त कंस. 1960 च्या दशकात रेघ आणि कंस मिळून दोन-तीन गोष्टी सांगत. 1971 नंतर जगभर गेलेल्या रीतीत एकट्या कंसावर सगळा भार पडला. त्यामागे कुणाचा काही सिद्धांत होता असे मला वाटत नाही. टेलिटाइपवर कंसाची कळ होती आणि पाने थोडी ठेवायची होती.

याच काळात दुसऱ्या एका घराण्याने ऐच्छिकाला खूणच दिली नव्हती. जॉन बॅकस यांनी 1959 मध्ये पॅरिसच्या परिषदेत मांडलेली आणि पीटर नाउर यांनी 1960 च्या अल्गोल अहवालात घडवलेली व्याकरणाची लेखनपद्धती, म्हणजे आजची बीएनएफ. तिच्यात 'किंवा' आहे, 'ऐच्छिक' नाही. फंक्शनला आर्ग्युमेंट असतील किंवा नसतील, हे सांगायला अहवाल लिहितो: आर्ग्युमेंटांचा भाग म्हणजे एक तर 'रिक्त', नाही तर कंसात यादी. रिकामेपणाला तिथे स्वतःचे नाव आहे. न दिलेले म्हणजे गळालेले नाही. न देणे हाही दोन पर्यायांपैकी एक, बरोबरीच्या मानाचा. पॉपचे वर्तन या पद्धतीत गेटहून वेगळे दाखवता आले असते. पण ती लांब पडते. 1977 मध्ये निक्लाउस वर्थ यांनी या खुणांच्या निष्कारण विविधतेवर वैतागून एक टिपण लिहिले आणि चौकटी कंस ऐच्छिकासाठी, महिरपी कंस पुनरावृत्तीसाठी असा साधा संच सुचवला. तिथे दोन्ही घराणी एकत्र आली आणि 'रिक्त' हे नाव मागे पडले.

बीएनएफचे नाव निघाले की आपल्याकडे पाणिनीचे नाव येतेच, बहुतेक वेळा अभिमानाच्या भरात. 1967 मध्ये पीटर इंगरमन यांनी संगणकशास्त्राच्या नियतकालिकाला पत्र लिहून या पद्धतीला 'पाणिनी-बॅकस रूप' म्हणावे असे सुचवले, हे पुष्कळांना ठाऊक आहे. त्या पत्राचा आनंद आपण इतका साजरा केला की पाणिनीकडून शिकण्यासारखी नेमकी गोष्ट बाजूला राहिली. ती गोष्ट ऐच्छिकाचीच आहे, आणि तिचा एक मोठा धागा पुण्यातून जातो.

अष्टाध्यायीच्या सुमारे चार हजार सूत्रांत अनेक नियम वैकल्पिक आहेत: असे रूप होते, किंवा होत नाही. हे सांगायला पाणिनी मुख्यतः तीन शब्द वापरतो, 'वा', 'विभाषा' आणि 'अन्यतरस्याम्'. पतंजलीपासूनची परंपरा मानत आली की तिन्हींचा अर्थ एकच: होईल, नाही तर नाही होणार. 'विभाषा'ची व्याख्या तर पाणिनीने स्वतःच पहिल्या अध्यायाच्या पहिल्या पादात, 44 व्या सूत्रात दिली आहे.

मग एक शंका उरते. वैयाकरणांना अर्धी मात्रा वाचली तरी पुत्रजन्माचा आनंद होतो, ही त्यांच्यातलीच जुनी म्हण. असा काटकसरी माणूस जिथे एका अक्षराच्या 'वा'ने भागते तिथे पाच अक्षरांचे 'अन्यतरस्याम्' का घालतो? परंपरेकडे याला उत्तर आहे, परिभाषेच्या, म्हणजे सूत्रांचा अर्थ लावायच्या नियमाच्या, रूपात: समानार्थी शब्दांत कुठला लहान, कुठला मोठा याची चर्चा करायची नसते. ही परिभाषा नागोजीभट्टांच्या परिभाषेन्दुशेखरात मिळते. नागोजीभट्ट हे काशीत राहिलेले मराठी पंडित, आडनाव काळे. त्यांचा हा ग्रंथ इंग्रजी भाषांतरासह मुंबई संस्कृत मालेत काढला तो पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवणाऱ्या फ्रान्झ कीलहॉर्न यांनी, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी पतंजलीचे महाभाष्य मराठीत आणले, तेही डेक्कन एज्युकेशन सोसायटीने पुण्यातूनच छापले. पाणिनीचा विकल्प मराठीत किंवा इंग्रजीत वाचणाऱ्याची वाट पुष्कळदा पुण्यावरून जात असे.

परिभाषेचे उत्तर मला पहिल्यापासून पळवाटेसारखे वाटत आले आहे. प्रश्न गैरसोयीचा होता, म्हणून तो विचारायचाच नाही असा नियम केला.

1979 मध्ये भाषाशास्त्रज्ञ पॉल किपार्स्की यांचे पाणिनीच्या विकल्पावरचे पुस्तक निघाले. संपादक शि. द. जोशी, प्रकाशक अमेरिकेत एमआयटी प्रेस आणि इकडे पुणे विद्यापीठ, संस्कृत प्रगत अध्ययन केंद्राच्या मालेत. किपार्स्की म्हणतात की हे शब्द समानार्थी नाहीतच. 'वा' म्हणजे होते, आणि झालेले बरे. 'विभाषा' म्हणजे होऊ शकते, पण न झालेले बरे. 'अन्यतरस्याम्' म्हणजे दोन्ही सारखेच, कुठलेही घ्या. एकाच्या जागी तीन खुणा, तीन वेगळ्या गोष्टी सांगणाऱ्या. पुरावा म्हणून त्यांनी पाणिनीची स्वतःची भाषा तपासली. सूत्रे लिहिताना पाणिनी ज्या वैकल्पिक रूपांतून निवड करतो, ती निवड त्याच्या शब्दांनुसार होते का? 'वा' म्हटले तिथे ते रूप जास्त, 'विभाषा' म्हटले तिथे ते विरळा, असे साहित्यात दिसते का? त्यांच्या मते दिसते.

हे सर्व पंडितांना पटलेले नाही. आक्षेप गंभीर आहेत. परंपरा दोन हजारांहून अधिक वर्षे चुकली असे म्हणायला पुरावाही तसाच भक्कम लागतो, आणि काही सूत्रांत आकडे नीट बसत नाहीत. मी संस्कृतचा पंडित नाही. वाद मिटवायची माझी ऐपत नाही. पण खुणा कशा म्हाताऱ्या होतात हे ज्याने कोबोलपासून मॅन पेजपर्यंत पाहिले, त्याला किपार्स्की सांगतात ती कथा ओळखीची वाटते. रचणाऱ्याकडे तीन छटा असतात आणि तीन खुणा असतात. वापरणाऱ्यांच्या पुढच्या पिढ्यांना भाषा पुस्तकातून मिळते. कुठले रूप बरे वाटते हे त्यांच्या कानाला सांगता येत नाही. मग तीन खुणांची एक होते, आणि उरलेल्या दोघींचा खुलासा करायला परिभाषा रचावी लागते. पाणिनीला ही बोली जिवंत ऐकू येत होती. पतंजलीच्या काळापर्यंत पुष्कळ बदलले होते.

किपार्स्कींच्या पुस्तकाच्या दहा वर्षे आधी, 1969 मध्ये, भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव्ह यांनी न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीयांच्या बोलीवर लिहिताना असेच काहीसे केले होते. 'ऐच्छिक नियम' एवढे म्हणून भागत नाही, कुठे किती वेळा हेही नियमातच लिहायला हवे, म्हणून त्यांनी टोकदार कंसांची नवी खूण आणली. किपार्स्कींच्या पुस्तकाच्या नावात पाणिनीला 'व्हेरिएशनिस्ट' ही जी पदवी आहे ती लबॉव्ह यांच्या या घराण्याची.

प्रोग्रॅमिंगच्या दस्तऐवजांत दुरुस्त्या झाल्या, पण तुकड्यातुकड्याने. सर्वांत नेटकी मला लिस्पची वाटते. 1984 मध्ये गाय स्टील यांच्या पुस्तकाने कॉमन लिस्प बांधून दिली. तिच्यात ऐच्छिक आर्ग्युमेंट तीन गोष्टींचे बनू शकते: नाव, न दिल्यास धरायची किंमत, आणि दिले होते की नाही हे सांगणारी एक वेगळी खूण. गेट आणि पॉप यांच्यातला फरक इथे भाषेतच आला, दस्तऐवजाला वेगळे सांगायला नको. टीसीएलवाल्यांची अडचण निराळी. त्यांच्या भाषेत चौकटी कंसाला स्वतःचे काम आहे, म्हणून ते ऐच्छिकाच्या दोन्ही बाजूंना प्रश्नचिन्हे लावतात. पायथनमध्येही चौकटी कंस म्हणजे यादी. नवशिका विद्यार्थी दस्तऐवजातला कंस तसाच टंकतो आणि चूक पाहून गोंधळतो. पण तिथे कंस सरसकट हटला नाही.

हटला तो पीएचपीत. तिच्या मॅन्युअलमध्ये सबस्ट्रिंगच्या फंक्शनपुढे कित्येक वर्षे लांबीचे आर्ग्युमेंट चौकटी कंसात होते. 2020 मध्ये पीएचपी 8 आली त्या सुमारास कंस गेले आणि बरोबरीच्या चिन्हापुढे मूळ किंमत आली. ज्या रूपात प्रोग्रॅमर स्वतःचे फंक्शन लिहितो त्याच रूपात आता दस्तऐवजही. न दिल्यास काय, हे लगेच दिसते. पायथनचा स्प्लिटही याच वाटेने गेला: आधी स्प्लिट([सेप[, मॅक्सस्प्लिट]]), आता स्प्लिट(सेप=नन, मॅक्सस्प्लिट=-1). त्या उणे एकाचा अर्थ 'हवे तितके तुकडे करा' हा मात्र खालच्या परिच्छेदातच वाचावा लागतो. कंस गेला, तशी एक खोटी किंमत आली.

2013 मध्ये लॅरी हेस्टिंग्ज यांनी पायथनसाठी प्रस्ताव क्रमांक 457 लिहिला. त्यात तिरक्या रेघेची खूण होती, नावाने न देता जागेनेच द्यायच्या आर्ग्युमेंटांसाठी. आणि चौकटी कंसही होते, एकत्र गळणाऱ्या आर्ग्युमेंटांच्या गटासाठी. टर्मिनलच्या पडद्यावर अक्षर लिहिणाऱ्या जुन्या फंक्शनला ओळ आणि स्तंभ द्यायचे तर दोन्ही द्यावे लागतात, एकटा स्तंभ चालत नाही, आणि ते दोन्ही सक्तीच्या अक्षराच्या आधी येतात. प्रस्ताव क्रमांक 570 मार्गे 2019 मध्ये पायथन 3.8 त आली ती एकटी रेघ. गटाचे कंस भाषेत आले नाहीत. त्या फंक्शनच्या दस्तऐवजात आज दोन ओळी आहेत, एक जागेशिवाय, एक जागेसह.

जावास्क्रिप्टसाठी सगळे ज्याच्याकडे धावतात तो एमडीएनचा संदर्भग्रंथ हीच रीत सरसकट पाळतो: स्लाइस(), खाली स्लाइस(स्टार्ट), खाली स्लाइस(स्टार्ट, एंड). कंस नाही, प्रश्नचिन्ह नाही, चालणारे प्रत्येक रूप आपापल्या ओळीवर. अल्गोलच्या 'रिक्त'चे हे नातवंड शोभेल. दोन-तीन आर्ग्युमेंटांपर्यंत याहून स्वच्छ काही मी पाहिलेले नाही. सहा झाली की पान ओळींनी भरते. आणि तिन्हींपैकी कुठली ओळ लिहिलेली बरी, हे तिथेही छापलेले नसते.